सेवांची वीण आणि नमुन्यांची जंत्री

लखनौ शहराशी महाराष्ट्राचे नाते सांगावयाचे झाले, तर पहिले नाव ओठांवर येते ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. मुंबईचा हा वकील विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशभर हिंडला. त्याने ग्रंथसंग्रह धुंडाळले, निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांपाशी बसून बंदिशी उतरवून घेतल्या आणि त्या साऱ्या सामग्रीला एक मांडणी दिली. १९२४ व १९२५ साली लखनौस संगीत परिषदा भरल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ १९२६ साली तेथे मॅरिस म्युझिक कॉलेज निघाले. भातखंड्यांच्या नावाने आज ओळखले जाणारे विद्यापीठ ते हेच. भातखंड्यांनी राग निर्माण केले नाहीत, राग होतेच. त्यांनी केले ते इतकेच, की प्रत्येक रागाची नोंद एकाच साच्यात बसविली. थाट कोणता, आरोह-अवरोह कसे, वादी-संवादी कोणते, वर्ज्य काय, गानसमय कोणता आणि जवळच्या रागापासून हा राग वेगळा कोठे पडतो, ही माहिती त्याच क्रमाने प्रत्येक ठिकाणी. राग कागदावर मावत नाही, असे घराणेदार गवयांपैकी अनेकांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. परंतु जे ज्ञान एका घराच्या चार भिंतींत मुरत होते, ते त्या नोंदींमुळे वर्गात आणता आले, दोन घराण्यांचा एकच राग शेजारी ठेवून पाहता आला, हेही तितकेच खरे.

त्याच लखनौत, राज्याच्या कारभाराच्या दालनांत, आज अगदी निराळ्या क्षेत्रात हाच प्रश्न उभा आहे. तेथील विषय रागांचा नाही, संगणकाच्या सॉफ्टवेअरचा आहे. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनीही आपल्या अनुभवांच्या जंत्र्या तयार केल्या आहेत. त्यांना ते नमुन्यांच्या जंत्र्या म्हणतात. या जंत्र्या कशासाठी असतात, त्यांचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे थांबतो, हे समजून घ्यावयाचे तर एखादा साधा अर्ज हाती धरून त्याच्या मागोमाग जाणे हाच सोपा मार्ग आहे.

लखनौ जिल्ह्यातील मलिहाबाद तहसिलीतल्या, म्हणजे आंब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलुखातल्या, एखाद्या विद्यार्थिनीची कल्पना करावी. तिला पदवीच्या अभ्यासासाठी शासनाची शिष्यवृत्ती हवी आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. ती गावच्या जनसेवा केंद्रात जाते, तेथे तिचा अर्ज संगणकावर भरला जातो, लेखपाल चौकशी करून अहवाल देतो, तहसीलदाराच्या डिजिटल सहीने दाखला निघतो व त्याला एक क्रमांक मिळतो. मग ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आणि त्यात तो क्रमांक लिहिते. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या खात्याला तो दाखला खरा की खोटा, हे महसूल खात्याच्या दप्तरातून ताडून पाहावे लागते. पुढे रक्कम बँकेत जमा व्हावयाची, म्हणजे तिसरे दप्तर आले. ते खाते तिचेच आहे हे पाहावयाचे, म्हणजे चौथे. पूर्वी ही सारी दप्तरे एकमेकांशी बोलत नसत. बोलणे अर्जदाराच्या पायांनी होई. या कार्यालयातून त्या कार्यालयात कागद नेणारी ती स्वतःच एक टपालवाहक होती.

दप्तरांनी परस्पर बोलावे, ही सेवाधिष्ठित रचनेची मूळ कल्पना. प्रत्येक खात्याने आपली माहिती आपल्याच ताब्यात ठेवावी, तिची जबाबदारीही आपणच घ्यावी, मात्र ठराविक प्रश्नांना ठराविक रीतीने उत्तर देणारी एक खिडकी इतरांसाठी उघडावी. या खिडकीला ‘सेवा’ म्हणतात. समोरच्याने आत डोकावावयाचे नाही. आत कपाटे कशी लावली आहेत हे त्याला कळण्याची गरजही नाही. प्रश्न कसा विचारावयाचा आणि उत्तर कोणत्या रूपात येईल, एवढा करार त्याला पुरे. सरकारी कारभाराला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. कोणताही अधिकारी दुसऱ्या खात्याच्या कपाटातून परस्पर फाईल काढीत नाही, तो पत्र लिहितो.

उत्तर प्रदेशात या दिशेने पावले बरीच आधी पडली. लखनौच्या शेजारच्या सीतापूर जिल्ह्यात २००४ साली ‘लोकवाणी’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांतून तक्रारी व अर्ज जिल्हा कार्यालयाकडे जाऊ लागले. २००६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली, आणि जिल्हा पातळीवरील दाखले-परवाने संगणकाद्वारे देण्याच्या योजनेचे प्रायोगिक काम या राज्यातील काही जिल्ह्यांत झाले. आज राज्यातील सर्व ७५ जिल्ह्यांत उत्पन्न, जात व रहिवास यांचे दाखले याच मार्गाने मिळतात. अर्थात खिडक्या उघडल्या की त्या जोडण्याचा प्रश्न आलाच.

येथे जंत्रीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. नमुन्यांची कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांची नव्हे. ती वास्तुशास्त्रातून आली. व्हिएन्नात जन्मलेला ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा तिचा जनक. गुजरातेतील एका लहान खेड्याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता, आणि १९६४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याच खेड्याचे उदाहरण त्याने विस्ताराने मांडले. १९७७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २५३ नमुन्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराच्या विस्तारापासून खिडकीजवळच्या बैठकीपर्यंत सारे त्यात आहे. प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, हा त्यातला एक नमुना. नुसता आदेश देऊन तो थांबत नाही. एकाच बाजूने उजेड आला की माणसांचे चेहरे अर्धे अंधारात राहतात व बसणाऱ्यांना ती खोली नकोशी होते, असे कारणही तो सांगतो. आणि हा नमुना कोणत्या मोठ्या नमुन्याच्या पोटात येतो व कोणत्या लहान नमुन्यांना जन्म देतो, हेही नोंदवितो. भातखंड्यांच्या पुस्तकांत थाटाखाली राग व रागाखाली बंदिशी येतात, काहीशी तशीच ही उतरंड आहे.

१९८७ साली केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम या दोघा अमेरिकन प्रोग्रामरांनी हा विचार आपल्या धंद्यात आणला. त्यांनी अवघे पाच नमुने हाती दिले आणि संगणकाच्या पडद्याची मांडणी ज्यांना तो वापरावयाचा होता त्यांच्याकडूनच करून घेतली. १९९४ साली चार लेखकांचे २३ नमुन्यांचे पुस्तक आले व ते या व्यवसायात क्रमिक पुस्तकासारखे वाचले जाऊ लागले. सेवांच्या जोडणीच्या दृष्टीने महत्त्वाची जंत्री मात्र २००३ सालची. ग्रेगर होपे व बॉबी वुल्फ यांच्या त्या ग्रंथात ६५ नमुने आहेत, आणि ते सारे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: स्वतंत्र दप्तरांनी एकमेकांना निरोप पाठवावयाचे, तर ते कसे? या क्षेत्रात एक संकेत पडून गेला आहे, की एखादी युक्ती निदान तीन निरनिराळ्या ठिकाणी प्रत्यक्ष वापरली गेलेली आढळल्याखेरीज तिला नमुना म्हणू नये. हा संकेत फार मोलाचा आहे. जंत्रीत कल्पकतेला जागा नाही. तेथे अनुभवाची नोंद व्हावयाची असते.

आता पुन्हा त्या अर्जाकडे. वीस खात्यांची वीस दप्तरे आहेत असे धरले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट तार जोडावयाची ठरविली, तर १९० जोडण्या होतात. एका खात्याने आपला करार बदलला, की एकोणीस ठिकाणी दुरुस्ती. यावर जंत्रीत असलेला नमुना म्हणजे सामाईक प्रवेशद्वार: सर्वांनी मधल्या एका दाराशी बोलावे, त्या दाराने निरोप योग्य खात्याकडे पोहोचवावा. मग जोडण्या राहतात वीस. केंद्र शासनाचे असे राष्ट्रीय प्रवेशद्वार २००८ साली सुरू झाले. ते सी-डॅक या संस्थेच्या मुंबई केंद्राने उभारले, आणि राज्याराज्यांसाठीही तशीच दारे बांधण्याचे धोरण ठरले. परंतु जंत्रीतील नोंद येथे संपत नाही. तिच्यात पुढे ‘परिणाम’ या सदराखाली लिहिलेले असते, की सर्व वाहतूक एका दारातून जाणार असेल, तर ते दार बंद पडलेल्या दिवशी सारा कारभार थांबेल, आणि दाराची देखभाल करणारा सर्वांहून बलवान होऊन बसेल. उपायाची ओळ सगळेच वाचतात, परिणामांचे हे सदर वाचणारे थोडे. वास्तविक जंत्रीचा जीव त्या सदरात असतो.

दुसरी अडचण भाषेची. एका दप्तरात नाव देवनागरीत, दुसऱ्यात रोमन लिपीत. एकात वडिलांचे नाव स्वतंत्र रकान्यात, दुसऱ्यात नावालाच चिकटलेले. कोठे जन्मतारीख आधी दिवस धरून, कोठे आधी वर्ष. ‘मोहम्मद’ हे एकच नाव रोमन अक्षरांत किती परींनी लिहिले जाते, हे लखनौच्या कोणत्याही कारकुनाला विचारावे. यावर दुभाषा नेमणे हा एक नमुना आहे, आणि सर्वांनी मान्य केलेला एक सामाईक तक्ता ठरविणे हा दुसरा. दुभाष्याचे काम चटकन होते, पण दुभाष्यांची संख्या वाढत जाते. सामाईक तक्ता टिकाऊ असतो, परंतु तो ठरवावयास बसलेल्या समितीच्या बैठका कधी संपतील, याचा भरवसा नसतो. जंत्री दोन्हींची किंमत सांगते. कोणती मोजावयाची, हे ती सांगत नाही.

परंतु सर्वांत गहन अडचण याहून वेगळी आहे: उत्तरच न येणे. शिष्यवृत्तीच्या दप्तराने महसूल दप्तरास विचारले, ‘हा दाखला खरा आहे काय?’, आणि काहीच उत्तर आले नाही. याचे अर्थ तीन होऊ शकतात. प्रश्न तेथवर पोहोचलाच नसेल. पोहोचला असेल, पण त्याकडे कोणी पाहिले नसेल. किंवा काम होऊन गेले असेल आणि परतीचे उत्तर वाटेत हरवले असेल. विचारणाऱ्याला या तिन्हींतला फरक कळण्याचा मार्ग नाही. नुसती विचारणा असेल, तर पुन्हा विचारावे. बिघडत काही नाही. मात्र ‘या खात्यात इतके रुपये जमा करा’ असा निरोप असेल आणि तो पुन्हा पाठविला, तर रक्कम दोनदा जमा होण्याची भीती. न पाठवावा, तर कदाचित एकदाही जमा न होण्याची. मोबाईलवरून पैसे पाठविताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराला मात्र पोहोचली नाही, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या कोंडीची ओळख आहे.

जंत्रीत या कोंडीवर नमुन्यांची एक लहानशी माळ आहे, आणि गंमत अशी, की त्यांतील प्रत्येक मणी जुन्या कचेरीत सापडतो. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक असावा, आणि उत्तरात तो क्रमांक परत यावा, हा पहिला नमुना. सरकारी पत्राच्या माथ्यावर ‘संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक’ असे लिहितात, ते याचसाठी. पत्राची उत्तरे पाठविलेल्या क्रमाने येत नाहीत. कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे संदर्भावाचून कळत नाही. दुसरा नमुना घेणाऱ्यासाठी आहे: आलेला प्रत्येक क्रमांक नोंदवून ठेवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर पुन्हा द्यावे. आवक नोंदवही नीट ठेवणारा कारकून हेच करतो. एकाच अर्जाची दुसरी प्रत आली, तर तिच्यावर मागचा आवक क्रमांक टाकून ती मूळ फाईलला लावतो. असा घेणारा असला, की पाठविणाऱ्याने निर्धास्तपणे दहादा पाठवावे. रक्कम एकदाच जमा होते.

तिसऱ्या नमुन्याचे नाव टपाल खात्यातूनच उचललेले आहे. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही आणि जे परतही करता येत नाही, ते पूर्वी डेड लेटर ऑफिसात जाई. तेथे अधिकृत कर्मचारी ते उघडून पाहत व आतील मजकुरावरून मालकाचा शोध घेत. सॉफ्टवेअरमध्येही वारंवार प्रयत्न करून जो निरोप पुढे जात नाही, तो एका बाजूच्या पेटीत टाकावा, फेकून देऊ नये, असा हा नमुना आहे. पेटी बांधणे सोपे असते. बहुतेक ठिकाणी ती बांधलेलीही असते. पण पेटी कोण उघडणार? टपाल खात्याने त्यासाठी माणसे नेमली होती. सॉफ्टवेअरच्या निविदेत पेटीचा उल्लेख येतो, माणसाचा येत नाही. मग महिनोन्महिने त्या पेटीत अर्ज साचत राहतात. अर्जदाराला पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढाच शब्द दिसतो, आणि कोणाच्याही टेबलावर तो कागद नसतो. जुन्या कचेरीत फाईल अडली, तर निदान ती कोणाच्या टेबलावर अडली आहे हे शिपायाला विचारता येत असे.

काही व्यवहार अनेक दप्तरांतून टप्प्याटप्प्याने जातात व मध्येच तुटतात. अशा वेळी मागचे टप्पे पुसून टाकता येत नाहीत. प्रत्येक टप्प्याची भरपाई करणारा उलट टप्पा घ्यावा लागतो. या नमुन्याची मांडणी १९८७ साली गार्सिया-मोलिना व सेलम यांनी केली. कोषागारात ज्याने चार दिवस काम केले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. चुकीची नोंद तेथे खोडीत नाहीत. तिच्याविरुद्ध उलट नोंद करतात, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही.

आता शेवटच्या तारखेची रात्र. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली आहे, हजारो विद्यार्थी एकाच वेळी पोर्टलवर आले आहेत, आणि महसूल दप्तराचा सर्व्हर मंदावला आहे. शिष्यवृत्तीचे दप्तर प्रत्येक अर्जासाठी त्याला विचारते व उत्तराची वाट पाहत उभे राहते. वाट पाहणाऱ्यांची रांग वाढते, तीत शिष्यवृत्तीच्या सर्व्हरची सारी ताकद अडकते, आणि अखेर ज्यांच्या दाखल्याची पडताळणी आधीच झाली होती त्यांचेही अर्ज बंद पडतात. एकाचा मंदपणा दुसऱ्याला बुडवितो. मायकेल नायगार्ड याने २००७ सालच्या पुस्तकात यावर सर्किट ब्रेकरचा नमुना सांगितला. घरातील विजेच्या फळीवरची कळ जशी भार वाढताच आपण होऊन खाली पडते, तशी ही कळ लागोपाठ काही विचारणा फसल्या की पडते. त्यानंतर काही काळ समोरच्याला विचारावयाचेच नाही. तत्काळ ‘सध्या पडताळणी शक्य नाही’ असे म्हणून मोकळे व्हावयाचे. थोड्या वेळाने एखादी विचारणा चाचणी म्हणून पाठवावी. उत्तर आले, तर कळ पुन्हा वर.

नमुना उत्तम आहे. परंतु कळ पडलेली असताना मलिहाबादच्या त्या मुलीचे काय करावयाचे? ‘पडताळणी शक्य नाही’ म्हणून तिचा अर्ज नाकारावयाचा, म्हणजे मुदत टळून तिचे वर्ष जाणार. पडताळणीच्या अधीन राहून तो स्वीकारावयाचा, म्हणजे काही खोटे दाखलेही तूर्त आत येणार आणि ते नंतर वेचून काढण्याचे काम कोणाला तरी करावे लागणार. तिसरा मार्ग मुदत वाढविण्याचा. पण तो रात्री बारा वाजता सर्व्हर घेऊ शकत नाही, त्याला शासनाचा आदेश लागतो. यांपैकी कोणताही पर्याय प्रोग्रामरने निवडावयाचा नसतो. तो निर्णय प्रशासनाचा आहे, आणि तो कळ बसविण्यापूर्वी व्हावयास हवा. अनुभव मात्र असा, की हा प्रश्न प्रोग्रामर विचारीत नाही आणि अधिकाऱ्याला तो ठाऊक नसतो. परिणामी न बोलता एक निर्णय होऊन जातो, आणि तो बहुधा नाकारण्याचा असतो, कारण यंत्राला तेच सोपे.

हा निर्णय आधी घेता येतो, याचे उदाहरण बँकांच्या व्यवहारात आहे. एटीएमवर खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा मात्र बाहेर आल्या नाहीत, ही उत्तर हरवण्याचीच कोंडी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून ठरवून दिले, की व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ती रक्कम आपण होऊन परत करावी, आणि त्यापुढे उशीर झाल्यास खातेदाराला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी. या परिपत्रकात सॉफ्टवेअरचा एकही नमुना सांगितलेला नाही. पण उत्तर हरवले तर तोटा कोणी सोसावयाचा, हे त्याने निश्चित केले, आणि एकदा ते निश्चित झाल्यावर बँकांना त्याबरहुकूम यंत्रणा रचणे भाग पडले. सेवांच्या जंत्रीतील निम्म्याहून अधिक नमुने, नीट पाहिले तर, याच एका प्रश्नाची निरनिराळी रूपे आहेत.

सेवा केवढी असावी, म्हणजे एका खिडकीत किती काम कोंबावे, या प्रश्नावर जंत्र्यांत पुष्कळ लिहिलेले आढळते. त्यासाठी मराठी वाचकाला दूर जाण्याची गरज नाही. त्याच्या घरातील सात-बारा काढून पाहावा. जुन्या मुंबई इलाख्यात गावच्या महसुली हिशेबांचे नमुने क्रमांकवार ठरवून दिले होते, आणि अँडरसनचे मॅन्युअल म्हणून ओळखले जाणारे पुस्तक तलाठ्याच्या पिशवीत असे. एक ते एकवीस असे हे गाव नमुने. सहा नंबर फेरफाराचा, सात नंबर जमिनीच्या हक्काचा, बारा नंबर पिकांचा. ही शासकीय नमुन्यांची जंत्रीच होय, आणि ‘नमुना’ हा शब्दही तोच. सात आणि बारा हे दोन वेगळे नमुने आहेत. हक्क क्वचित बदलतो, पीक दर हंगामाला. पण शेतकऱ्याला, बँकेला, कोर्टाला दोन्ही एकत्र लागतात, म्हणून ते एका कागदावर छापले गेले आणि लोकांनी त्यांचे एकच नाव करून टाकले. उत्तर प्रदेशात हक्काची खतौनी आणि पिकांचा खसरा हे वेगळे कागद आजही वेगळ्या नावांनी ओळखले जातात. नोंदी वेगळ्या ठेवाव्या व गरजेपुरत्या एकत्र दाखवाव्या, असा सल्ला सेवांच्या जंत्रीतही आहे. त्याचे फळ महाराष्ट्रात २०२१ साली दिसले. ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करावयाची असे ठरले. बारा नंबर निराळा होता म्हणूनच तो त्याच्या हाती देता आला. सात नंबरला हात लावण्याची वेळ आली नाही.

जंत्रीचा गैरवापरही होतो, आणि तो कचेरीत ओळखीच्या रूपाने होतो. काम देणाऱ्याच्या कागदपत्रांत नमुन्यांची नावे यादीने घालतात. काम घेणारा प्रत्येक नावापुढे ‘होय’ लिहितो. तपासणारा खुणा मोजतो. जेथे तीन दप्तरे आणि दिवसाला शंभर अर्ज आहेत, तेथे प्रवेशद्वार, निरोपांची रांग, सर्किट ब्रेकर सारे उभे राहते, आणि ते सांभाळण्यास माणूस मिळत नाही. दहा थाटांत नीट न बसणाऱ्या रागांबद्दल संगीतकारांनी भातखंड्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतलेच आहेत. पण थाट आधी ठरवून मग राग गाणारा गवई कोणी पाहिलेला नाही. जंत्री वाचावयाची ती प्रश्नाकडून: आधी अडचण एका वाक्यात लिहावी, मग तिच्याशी जुळणारी परिस्थिती कोणत्या नोंदीत आहे ते पाहावे, आणि त्या नोंदीचे परिणामांचे सदर उपायाच्या आधी वाचावे. बऱ्याचदा असे आढळते, की अडचणीला नमुना लागतच नाही. दोन खात्यांच्या प्रमुखांनी एकदा भेटून एक रकाना ठरविला, तर काम होते.

नमुन्याच्या नावाचा एक उपयोग मात्र शासनात इतर कोठल्याही व्यवसायापेक्षा अधिक आहे. अधिकारी बदलतात, कंत्राटदार बदलतात, प्रोग्रामर तर वर्षभरही टिकत नाहीत. लखनौस नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याच्या हाती येतो तो चालू असलेला सर्व्हर आणि बंद असलेली फाईल. त्या फाईलमध्ये कोणी अर्धे पान लिहून ठेवले असेल, की महसूल दप्तराच्या विचारणेवर सर्किट ब्रेकर बसविला आहे, लागोपाठ अमुक विचारणा फसल्या की तो पडतो, पडलेला असताना अर्ज पडताळणीच्या अधीन राहून स्वीकारावेत असा आदेश अमुक दिनांकास झाला आहे, आणि न पोहोचलेल्या निरोपांची पेटी दररोज सकाळी अमुक पदावरील कर्मचाऱ्याने उघडावयाची आहे, तर त्याला कोणालाही विचारावे लागत नाही. पेटी आज उघडली गेली की नाही, एवढेच त्याने पाहावयाचे.